सावे सरांचा गाभा

सावे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं नाही, ऐकलं. तलासरीच्या आतल्या अंगाला एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवायला मी बदलून आले, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. जेवणाची सुट्टी होती. वर्ग कुठे कुठे आहेत ते बघत मी वऱ्हांड्यातून चालले होते. टोकाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून एका पुरुषाचा आवाज येत होता.

"नाही." मग थोडा वेळ काहीच नाही. "नाही. नाही." पुन्हा शांतता. "हो." आणि मग सलग, "नाही, नाही, नाही, नाही."

आवाजात राग नव्हता. कुणीतरी फार जपून प्रश्न विचारतंय आणि हा माणूस तितक्याच जपून उत्तरं देतोय, असं वाटत होतं. पण विचारणाऱ्याचा आवाज अजिबात येत नव्हता. मी बराच वेळ दाराबाहेर उभी राहिले. शेवटी दार ढकललं. खिडक्यांना जुनी ब्लँकेटं ठोकलेली, आत अंधार, एकाच पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि पडद्यासमोर अनवाणी बसलेला एक किडकिडीत माणूस. त्याची माझ्याकडे पाठ होती. मान न वळवता तो म्हणाला, "नव्या बाई ना? चपला बाहेर काढा. आणि दार लावून घ्या, धूळ येते."

नव्या बाई आल्यात हे त्यांनी चालण्यावरून ओळखलं होतं. शाळेतल्या प्रत्येकाचा पायरव त्यांना पाठ होता. एखादी मुलगी लंगडायला लागली तर तिच्या वर्गशिक्षकांच्या आधी ते सावे सरांना कळायचं.

सर घोलवडचे. घरची चिकूची वाडी, बायको उंबरगावची, त्यामुळे बोलण्यात गुजराती सहज यायची. रोज स्कूटरवरून शाळेत यायचे. संगणक आणि गणित शिकवायचे. निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिली होती. कुठलंही काम संपलं, अगदी फळा पुसून झाला, तरी ते हात झटकून म्हणायचे, "थई गयुं." झालं. चिकूच्या दिवसांत प्रत्येक शिक्षकाच्या टेबलावर एकेक चिकू ठेवायचे आणि तो पिकला की नाही हे कानाजवळ धरून बोटाने टिचकी मारून सांगायचे. आम्ही हसायचो. त्यांचा अंदाज चुकायचा नाही, म्हणून थोडं बिचकायचोही.

ती "नाही, नाही" काय भानगड होती, ते त्यांनीच मला सांगितलं. मुंबईच्या कुठल्याशा कचेरीने टाकून दिलेले आठ जुने संगणक शाळेला मिळाले होते. आताच्या प्रणाली त्यांच्यावर चालत नव्हत्या. तेव्हा सर प्रत्येक यंत्रासाठी स्वतः कर्नल, म्हणजे प्रणालीचा सगळ्यात आतला भाग, बांधायचे. कर्नलला ते गाभा म्हणत.

"बटण दाबलं की सगळ्यांच्या आधी हा जागा होतो," ते म्हणाले. "मग तो बाकीच्यांना उठवतो. तयार मिळतो तो गाभा जगातल्या हरतऱ्हेच्या यंत्राला चालावा म्हणून बनवलेला असतो. आमच्या या म्हाताऱ्याला तेवढं ओझं कशाला? गाभ्याचा मूळ मजकूर सगळ्यांना खुला आहे. तो घ्यायचा. मग तो विचारतो, तुमच्याकडे अमुक आहे का, तमुक आहे का. हजारो प्रश्न असतात. नाही ते नाही म्हणून सांगायचं. उरलेलं यंत्राच्या भाषेत उतरवायचं, की झाला आपला गाभा."

"एवढे प्रश्न मोठ्याने कशाला बोलता?"

"मनात उत्तर दिलं की माणूस घाईने हो म्हणतो," ते म्हणाले.

यंत्राच्या भाषेत उतरवायच्या कामाला, म्हणजे कंपाईल व्हायला, त्या जुन्या संगणकाला साडेचार तास लागत. सकाळच्या प्रार्थनेनंतर सुरू केलं की दुपार होई. पडद्यावरून फायलींची नावं एकामागून एक वर सरकत राहत, आणि सर आपला तास नसेल तेव्हा ती वाचत बसत. त्यात वाचण्यासारखं काही नसतं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. तरी बसत.

त्या वर्षी दिवाळीनंतर जमीन हलायला लागली.

ज्यांनी ते दिवस काढले नाहीत त्यांना सांगणं अवघड आहे. मोठा भूकंप येतो आणि जातो. आमच्याकडे तो जातच नव्हता. दिवसाला दोन, कधी पाच, कधी नुसताच आवाज. जमिनीच्या पोटात कुणीतरी मोठं दार आपटल्यासारखा. आधी आवाज, मग पायाखालून एक धक्का, मग पत्र्यांची थरथर, मग कोंबड्या. आणि पुन्हा शांतता, की आता कधी. पाड्यांवरची माणसं घरं सोडून अंगणात ताडपत्रीखाली झोपायला लागली. शाळेच्या भिंतींना तडे गेले. आम्ही वर्ग आंब्याखाली भरवायला लागलो. बोलता बोलता सगळी मुलं एकदम गप्प व्हायची, कुणी काही न सांगता, आणि दूरवर कुठेतरी तो आवाज व्हायचा.

टोकाच्या खोलीत एकटे सावे सर बसत. ती खोली उघड्या कातळावर बांधलेली होती, आणि कातळावरचं पडत नाही असं ते मुख्याध्यापकांना सांगत. त्यांनी एक काम काढलं होतं. ओळखीच्या एका निवृत्त इंजिनिअरकडून त्यांनी जमिनीची थरथर पकडणारा एक छोटा डबा आणला होता. तो संगणकाला जोडून शाळेचं स्वतःचं भूकंपमापक करायचं. पण धक्का नेमका कोणत्या क्षणी आला ते टिपायचं तर नेहमीचा गाभा कामाचा नव्हता. "तो आधी दहा कामं उरकतो आणि मग घड्याळ बघतो," सर म्हणत. त्यांना असा गाभा बांधायचा होता, जो आधी घड्याळ बघेल.

तो बांधला जाईना. कंपाईल मध्येच तुटायचं. मजकुरात चूक असती तर दर वेळी त्याच फाईलला तुटलं असतं. हे दर वेळी वेगळ्या ठिकाणी तुटत होतं. "म्हणजे दोष मजकुरात नाही, यंत्रात आहे," सर म्हणाले. त्यांनी मेमरीच्या पट्ट्या काढल्या, पुसल्या, बसवल्या, दिवसभर तपासण्या लावल्या. काही सापडलं नाही. शिस्तीचा माणूस, म्हणून दर वेळी तुटल्याची वेळ ते एका वहीत लिहून ठेवत.

माझ्याकडेही एक वही होती. मुलांची भीती कमी व्हावी म्हणून मी विज्ञानाच्या तासाला त्यांना धक्क्यांच्या वेळा लिहायला लावल्या होत्या. एका दुपारी मी सहज त्यांच्या खोलीत गेले आणि माझी वही त्यांच्या वहीशेजारी ठेवली. सरांनी नजर फिरवली. मग दोन्ही वह्या जवळ ओढल्या आणि बोटाने एकेक ओळ जुळवू लागले. त्यांचं बोट सावकाश होत गेलं.

सगळ्या वेळा जुळत नव्हत्या. पण अकरांपैकी आठ जुळत होत्या. आणि आठही वेळा आधी यंत्र तुटलं होतं, जमीन नंतर हलली होती. कधी मिनिटभराने, कधी दोन-तीन मिनिटांनी.

"घड्याळं वेगळी आहेत आपली," मी म्हणाले.

"नाहीत. शाळेच्या घड्याळावरून लिहितो आपण दोघंही." त्यांचा चेहरा उतरला होता. शोध लागलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. त्यांनी माझी वही मिटून माझ्या हातात दिली. "बाई, हे कुणाला बोलू नका. याला काही अर्थ असेलच असं नाही."

मी बोलले नाही. पण त्यानंतर त्या खोलीवरून जाताना आतल्या पंख्याचा आवाज चालू आहे ना, इकडे माझं लक्ष असायचं.

डिसेंबरात चाचणी परीक्षा होत्या. आंब्याखाली वाऱ्याने पेपर उडतात म्हणून मुख्याध्यापकांनी मोठ्या मुलींना हॉलमध्ये बसवलं. मी पर्यवेक्षक होते. बारा-सव्वाबाराच्या सुमारास सावे सर हॉलच्या दारात आले. धावत नव्हते. अनवाणी होते, हे मी आधी पाहिलं, कारण खोलीबाहेर ते कधी अनवाणी येत नसत.

"मुलींना बाहेर काढा," ते हळू आवाजात म्हणाले.

"सर, पेपर चालू आहे."

"पेपर राहू द्या."

ते वळले आणि वऱ्हांड्यात घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा बडवायला लागले. मुली उठल्या. मुख्याध्यापक कचेरीतून आले, काय झालं विचारायला लागले. सर म्हणाले, "आधी बाहेर, मग सांगतो." सगळी शाळा मैदानात. एक मिनिट गेलं. दोन गेली. काही नाही. मुली आपसांत कुजबुजायला लागल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "सावे सर, हे काय आहे? उद्या मी वर काय उत्तर देऊ?" सर घड्याळ बघत नव्हते. जमिनीकडे बघत होते.

मग तो आवाज झाला. धक्का फार मोठा नव्हता, त्याहून मोठे येऊन गेले होते. पण हॉलची उत्तरेची भिंत, तडा गेलेली, आधी थोडी बाहेर झुकली आणि मग आत बसली. सावकाश. बाकांवर. धूळ खाली बसली तेव्हा बाक दिसत नव्हते.

कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. मुख्याध्यापकांनी सरांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. सर म्हणाले, "माझे पाय भाजतायत. चपला घालून येतो."

कंपाईल तुटलं म्हणून सर आले होते, हे त्यानंतर लपून काय राहणार? दोन दिवसांत पाड्यापाड्यांवर पसरलं की शाळेतल्या सरांच्या मशीनला आधी कळतं. माणसं यायला लागली. खोलीच्या उंबऱ्यावर नारळ दिसायला लागले. एका सकाळी दाराला हळदकुंकू लावलेलं होतं. सरांनी ते ओल्या फडक्याने पुसलं आणि बाहेर जमलेल्या माणसांना समजावलं, "मशीन काही सांगत नाही. मशीन बिघडतं. का बिघडतं ते मला ठाऊक नाही." माणसांनी मान डोलावली आणि विचारलं, "मग आज बिघडलं का?"

जमनीबाई आमच्या स्वयंपाकघरात होत्या. मुलींचं जेवण करणाऱ्या चार बायांत सगळ्यात वयस्क. त्या काही माणसांत मिसळून विचारायच्या नाहीत. संध्याकाळी घरी जाताना टोकाच्या खोलीपाशी थांबायच्या आणि दाराबाहेरून म्हणायच्या, "सर, आज घरात निजू का?" त्यांची नात तीन वर्षांची. उघड्यावरच्या थंडीने तिचा खोकला थांबत नव्हता. सर रोज एकच उत्तर द्यायचे, "मला नाही माहीत, जमनीबाई." त्या "बरं" म्हणून जायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

या सगळ्याला कंटाळून सरांनी एकदा गाभा पुरा करायचाच ठरवलं. भूकंपमापक चालू झालं असतं तर निदान खरं मोजमाप हाती आलं असतं, लोकांचे नारळ थांबले असते. त्यांनी सायकलची जुनी ट्यूब कापून तिचे जाड थर केले आणि यंत्राच्या पेटीखाली चारी कोपऱ्यांना बसवले, म्हणजे टेबलाची थरथर पेटीत जाणार नाही. सकाळी कंपाईल सुरू केलं. ते थांबलं नाही. दुपारी शेवटची फाईल वर सरकली, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, आणि नवा गाभा जागा झाला. सरांनी मला हाक मारली. मी गेले तर पडद्यावर ओळी झरझर उतरत होत्या आणि सर उभे होते, दोन्ही हात टेबलावर टेकून. "थई गयुं," ते म्हणाले. त्यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी अजून खोलीतच होते, म्हणून हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. जमनीबाई दाराशी आल्या. "सर, आज घरात निजू का?"

सरांनी मागे वळून पाहिलं. दिवसभर एकदाही न तुटलेलं यंत्र समोर चालू होतं.

"निजा आज," ते म्हणाले.

पहाटे जमीन हलली. जमनीबाईंच्या घराची भिंत आणि वरची कौलं आत पडली. त्यांनी नातीला पोटाखाली घेतलं होतं. नात वाचली. जमनीबाईंना बाहेर काढलं तेव्हा श्वास चालू होता, दवाखान्याच्या वाटेवर गेल्या.

सकाळी मी शाळेत आले तेव्हा टोकाच्या खोलीचं दार उघडं होतं. सर खाली बसून पेटीखालचं रबर काढत होते. मला पाहून त्यांनी तो रबराचा तुकडा वर धरला. "मीच ठेवलं होतं, बाई," ते म्हणाले. "हलू नये म्हणून ठेवलं. आणि हललं नाही म्हणून जमनीबाईंना आत जा म्हणालो." मग उरलेले तुकडे काढायला ते पुन्हा वाकले.

आम्ही पाड्यावर गेलो. अंगणात माणसं बसली होती. जमनीबाईंचा मुलगा देवजी उठून पुढे आला. सर सगळ्यांच्या समोर म्हणाले, "देवजी, तुझी आई माझ्या सांगण्यावरून घरात झोपली. मला काही ठाऊक नव्हतं. तरी मी सांगितलं."

देवजीने शेजारच्या घराकडे हात करून पाणी मागवलं, तांब्या सरांच्या हातात दिला. सरांना तो तोंडाला लावता येईना. मग देवजीने हळूच विचारलं, "सर, आज मशीन काय बोलते?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. अंगणातली सगळी माणसं सरांच्या तोंडाकडे बघत होती, त्यांच्यात एक नुकतीच उठलेली खोकणारी पोर. मला वाटतं, त्या दिवशी सरांच्या मनात जे काही तुटलं ते भिंत पडल्याने नाही, या प्रश्नाने.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "काही बोलत नाही. कधीच बोलली नाही. मला काही कळत नाही. तुम्ही सगळे बाहेर झोपा."

तेच वाक्य त्यांनी पुढचे दोन महिने पाड्यापाड्यावर जाऊन सांगितलं. शाळा सुटली की स्कूटर डांबरी रस्त्यावर ठेवायचे आणि चालत आत जायचे. घराच्या दाराशी उभे राहून म्हणायचे, "मी शाळेतला सावे सर. मला काही कळत नाही. बाहेर झोपा." माणसं ऐकून घेत. अशा माणसाला फार कळतं, म्हणूनच तो असं बोलतो, असा त्याचा अर्थ काही जण लावत. एका म्हातारीने त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्या दिवशी ते परत आले आणि शाळेच्या नळाखाली बराच वेळ पाय धूत उभे राहिले.

भूकंपमापक मात्र चाललं. पेटी त्यांनी थेट कातळावर ठेवली, रबराशिवाय. आणि गाभा पुन्हा एकदा बांधला. नव्या गाभ्यात त्यांनी स्वतःची एक ओळ घातली होती. यंत्र सुरू झालं की इतर कुठलीही अक्षरं उमटायच्या आधी काळ्या पडद्यावर ती एकटी ओळ यायची, रोमन अक्षरांत, कारण गाभ्याला त्या घटकेला देवनागरी येत नाही: बाहेर झोपा. मग क्षणभर काहीच नाही, आणि मग बाकीच्या ओळी. वर्गातल्या मुली ती ओळ येताना एकमेकींचा हात धरायच्या.

कंपाईल पुन्हा कधी मध्ये तुटलं का, असं मी एकदा विचारलं. "मी आता कंपाईल करत नाही," सर म्हणाले. मग तुटत होतं ते का, हे त्यांना कळलं का, हे विचारायचं मी टाळलं. त्यांनीही कधी सांगितलं नाही. वर्गाच्या वहीतल्या त्या आठ ओळी अजून माझ्याकडे आहेत. मी विज्ञान शिकवते. त्यांचं काय करायचं ते मला कळलेलं नाही.

सर निवृत्त झाले. माझी बदली वाणगावजवळच्या शाळेत झाली. हळूहळू धक्के विरळ झाले. सर गेल्याचं मला कळलं ते बऱ्याच दिवसांनी. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच्या आदल्या वैशाखात, घोलवडला.

घर शोधत गेले तर त्यांच्या पत्नी ओटीवर चिकू निवडत बसल्या होत्या. "मागे वाडीत आहेत," त्या म्हणाल्या. मी मागे गेले. दुपारची वेळ, झाडांखाली गार सावली. तीन-चार बाया लांब काठीला लावलेल्या जाळीने चिकू उतरवत होत्या. आणि एका झाडाखाली सावे सर जमिनीवर पालथे पडले होते. हात दोन्ही बाजूंना पसरलेले, डावा कान मातीला लावलेला.

मी ओरडणार होते. पण बाया त्यांच्या बाजूने ये-जा करत होत्या, जसं काही तिथे झाडाचं मूळ वर आलंय. मी परत ओटीवर आले. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अर्धा तास लागतो. मग उठतील. तुम्ही चहा घ्या."

खरंच अर्ध्या तासाने ते आले. गालाला माती लागली होती. "बाई, तुम्ही डाव्या पायावर कमी भार देता हल्ली," ते म्हणाले. गुडघा दुखतो, मी सांगितलं. आम्ही चहा घेतला, शाळेच्या गोष्टी केल्या, देवजीची मुलगी शाळेत जाते हे मी सांगितलं. त्यांना ते माहीत होतं. दर महिन्याला ते जात असत.

निघताना मला राहवलं नाही. "सर, काय ऐकू येतं?"

त्यांनी थोडा विचार केला. "गाडी जाते ती ऐकू येते. विहिरीवरचा पंप. या बायांची पावलं." मग म्हणाले, "बाकी अजून काही नाही."

मी फाटकापाशी येऊन मागे पाहिलं. ते पुन्हा झाडाखाली गेले होते. आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा, मग दोन्ही तळवे मातीवर ठेवून ते सावकाश खाली झाले. बाया बोलायच्या थांबल्या. त्यांच्यातल्या एकीने डोक्यावरची भरलेली करंडी दोन्ही हातांनी उतरवली आणि आवाज होऊ न देता जमिनीवर टेकवली.